चेहऱ्याचा तक्ता : इंग्रजी वाक्प्रचारांच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

शाळा आज उघडली. यंदाच्या नववीसाठी एकच मोठं काम हाती घेतेय. वर्गाच्या मागच्या भिंतीवर माणसाच्या चेहऱ्याचा मोठा तक्ता लावायचा आणि डोकं, डोळे, नाक, कान, जीभ, दात यांच्यावरून आलेले इंग्रजी वाक्प्रचार त्याच्याभोवती चिकटवायचे. प्रत्येक वाक्प्रचाराचं एक कार्ड, पुढे इंग्रजी, मागे मराठी. साठ कार्डं झाली की थांबायचं. या वहीत मात्र सगळं देवनागरीतच लिहिणार, म्हणजे लिहिताना हात अडणार नाही.

काम सुचलं ते मार्चमधल्या तोंडी परीक्षेत. 'कीप ॲन आय ऑन माय बॅग' याचं मराठी एका मुलाने सांगितलं, 'माझ्या बॅगेवर डोळा ठेव.' शब्द सगळे बरोबर, आणि अर्थ पार उलटा. ज्याचा आपल्या वस्तूवर डोळा असतो त्याच्यापासूनच तर ती जपायची असते. त्याला म्हणायचं होतं, 'बॅगेकडे लक्ष ठेव.' मी चूक दुरुस्त केली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. पण ती चूक आळसाची नव्हती. त्याने इंग्रजीतला डोळा पाहिला, मराठीत डोळा शोधला, त्याला तो सापडला, आणि सापडला म्हणून तो थांबला. चांगल्या मुलाचीच ही चूक आहे. सुट्टीभर ती माझ्या मनातून गेली नाही.

१९ जून

आठवतील तसे आणि कोशांत पडताळून ८३ वाक्प्रचार वहीत उतरवले. मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा १८५७चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघते, आणि तालुक्याच्या वाचनालयात दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश आहे. तो घरी नेता येत नाही, म्हणून शनिवारी दुपारी तिथेच बसते.

अवयवांप्रमाणे गठ्ठे घालायला बसले आणि पहिल्याच तासात अडले. चित्रकलेच्या सरांनी दोन ड्रॉइंग शीट जोडून पेन्सिलीने चेहरा काढून दिलाय. त्यांनी सहज विचारलं, "बाई, तोंड कुठे लिहायचं?" मला उत्तर देता येईना. मराठीत तोंड म्हणजे सगळा चेहरासुद्धा आणि नुसतं ओठांमधलं दारसुद्धा. सकाळी आपण तोंड धुतो तेव्हा गाल-कपाळ धरून धुतो, आणि डॉक्टर 'तोंड उघडा' म्हणाले की जबडा उघडतो. इंग्रजीत फेस वेगळा, माउथ वेगळं, आणि त्यांचे वाक्प्रचारही वेगळ्या घरचे. 'टू-फेस्ड' म्हणजे आपला दुतोंडी. 'तोंड लपवणं' फेसच्या गठ्ठ्यात जातं, 'तोंडाला पाणी सुटणं' माउथच्या. 'तोंडाला पाणी सुटलं' आणि 'तोंडचं पाणी पळालं' यांत तर पाणी एकच. एकदा हावेने येतं, एकदा भीतीने जातं.

आज इतकंच ठरलं की मराठी नावं चेहऱ्याच्या चित्रावर लिहायचीच नाहीत. जागा इंग्रजीच्या, मराठी फक्त कार्डाच्या पाठीवर.

२२ जून

रविवार सगळा नाकाला दिला.

आधी 'लूज फेस'. हा मुळात इंग्रजांचा नाहीच. पत जाणं याला चिनी भाषेत चेहरा गमावणं म्हणतात. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांनी ते शब्दाला शब्द लावून आपल्या भाषेत आणलं, आणि मग 'सेव्ह फेस' ही त्याची जोडी स्वतःच घडवली. आज हे इतकं इंग्रजी वाटतं की कुणाला शंकाही येत नाही. उसनं आणलेलं भाषेत कसं मुरतं, हे मुलांना दाखवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे दुसरं नाही.

मराठीत याला काय म्हणायचं? 'तोंड दाखवायला जागा राहिली नाही' आहेच. पण आपल्याकडे अब्रू राहते ती नाकावर. मुलाने काही केलं तर घराण्याचं नाक कापलं जातं. हरलेल्याला नाक घासायला लावतात. रुसलेल्याच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात. कुणाला न जुमानता एखादी गोष्ट करायची तर ती नाकावर टिच्चून करायची. इंग्रजीचं नाक यातलं फारसं काही करत नाही. ते हुंगतं, शोधतं, दुसऱ्याच्या कामात शिरतं. 'पोक युवर नोज' आणि आपलं 'नाक खुपसणं' तंतोतंत जुळतात, 'टर्न अप युवर नोज' आणि 'नाक मुरडणं' सुद्धा. पण अब्रूचा प्रश्न आला की इंग्रज चेहऱ्याकडे बघतो आणि आपण नाकाकडे. म्हणून 'लूज फेस'च्या पाठीवर लिहिलं : नाक कापलं जाणं.

'फॉलो युवर नोज' फसवं आहे. त्याचा एक अर्थ सरळ पुढे चालत राहा, रस्ता सापडेल. दुसरा, मनाचा कौल ऐक. मराठीत 'नाकासमोर चालणारा' म्हणजे सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पावलं दोघांची सारखी पडतात, पण इंग्रजी वाक्प्रचार वाट सांगतो आणि मराठी स्वभाव सांगतो. अशा कार्डांचा काहीतरी वेगळा बंदोबस्त करावा लागेल. कोपऱ्यात लाल टिंब दिलंय.

शेवटी 'कट ऑफ युवर नोज टु स्पाइट युवर फेस'. रागाच्या भरात आपलंच नुकसान करून घेणं. १२०० सालच्या सुमारास ब्लोआच्या पीटरने लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय की स्वतःचं नाक कापणारा आपल्या अपमानाचा सूड वाईट रीतीने घेतो. म्हणजे कल्पना इंग्रजीपुरती नाही, युरोपभरची जुनी आहे. आणि आपल्याकडे 'आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन' आहेच. नकटा माणूस समोर आला की काम होत नाही, अशी जुनी समजूत. तेव्हा शेजाऱ्याचं काम बिघडावं म्हणून आपलंच नाक कापून त्याच्या वाटेत उभं राहायचं. मला मराठी जास्त धारदार वाटतं. इंग्रजीत नाक आणि चेहरा एकाच माणसाचे, म्हणून मुलं विचारतात, 'बाई, स्वतःच्याच चेहऱ्यावर कोण रागावेल?' मराठीत दुसरा माणूस उभा आहे, म्हणून सगळं उलगडतं. हे कार्ड वर्गात नेताना आधी मराठी सांगायचं.

२७ जून

'टर्न अ ब्लाइंड आय'. वाक्प्रचार सतराव्या शतकातही सापडतो, पण लोक तो एका माणसाशी, तारखेशी, जागेशी जोडतात, म्हणून याला मोठं कार्ड.

होरेशिओ नेल्सनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या काल्व्हीच्या वेढ्यात गेली. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या समुद्रात डॅनिश आरमाराशी लढाई चालू असताना, मागे थांबलेल्या सर हाइड पार्कर या मुख्य सेनापतीने ३९ क्रमांकाचा झेंड्यांचा संकेत चढवला. त्याचा अर्थ, लढाई थांबवा. नेल्सनने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली आणि मला तर संकेत दिसत नाही असं म्हणाला, अशी हकिगत त्याच्या जहाजावर असलेल्या कर्नल विल्यम स्टुअर्टच्या नावावर सांगितली जाते. लढाई चालू राहिली, तह झाला, पार्करला परत बोलावलं गेलं आणि नेल्सन मुख्य सेनापती झाला.

वर्गात दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. एक, नेल्सन डोळ्यावर काळी पट्टी बांधत नसे. त्याचा डोळा बाहेरून बरा दिसायचा. मुलांनी चित्रांत पाहिलेली पट्टी मागाहून चढवलेली आहे. दुसरी, अशा हकिगती सांगणाऱ्यांच्या तोंडी घोटल्या जाऊन गुळगुळीत होतात. लढाई आणि संकेत पक्के, पण त्या क्षणाचे नेमके शब्द तितके पक्के नाहीत.

मराठी : कानाडोळा करणं. एका मुलीने विचारलं, "बाई, यात कान कशाला?" प्रश्न फार चांगला. इंग्रजी वाक्प्रचार फक्त दिसण्याबद्दल आहे. आपण न बघणं आणि न ऐकणं एकाच शब्दात बसवलंय. वडीलधारी माणसं घरात रोज जे करतात त्याला कानाडोळाच म्हणावं लागतं. नुसता डोळा मिटून तिथे भागत नाही.

'डोळ्यांवर कातडं ओढणं' आधी पाठीवर लिहिलं होतं, ते खोडलं. त्यात दोष देण्याचा सूर आहे. नेल्सनची गोष्ट ऐकून मुलं टाळ्या वाजवतात. कातडं ओढणाऱ्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही.

१ जुलै

या कामातला आत्तापर्यंतचा सगळ्यात आनंदाचा दिवस.

'द ॲपल ऑफ माय आय' म्हणजे जिवापाड जपलेलं माणूस. मुलं सफरचंदावर अडतात, दर वर्षी. जुन्या इंग्रजीत डोळ्याच्या मधल्या काळ्या भागालाच ॲपल म्हणत, कारण तो गोल, भरीव गोळा आहे असं लोकांना वाटे. तेव्हा डोळ्याचं सफरचंद म्हणजे त्या काळ्या भागाचं नावच झालं. बायबलच्या अनुवादात हिब्रूतल्या शब्दाच्या जागी तेच वापरलं गेलं.

आता तो हिब्रू शब्द. ईशोन. त्याचा अर्थ डोळ्यातला छोटा माणूस. लॅटिनमध्ये त्याच जागेला प्युपिल्ला, म्हणजे लहान मुलगी किंवा बाहुली. त्यावरून इंग्रजीत प्युपिल आला. संस्कृतात कनीनिका, तीही छोटी मुलगीच. आणि मराठीत? बाहुली.

कारण कळायला कोश लागत नाही. मी एका मुलीला पुढे बोलावलं आणि तिच्या मैत्रिणीच्या डोळ्यात जवळून बघायला सांगितलं. "काय दिसतंय?" "मी दिसतेय बाई, एवढीशी." हिब्रू बोलणाऱ्याने, रोमन माणसाने, संस्कृत बोलणाऱ्याने आणि आपल्या आजीने जवळच्या माणसाच्या डोळ्यात तेवढं वाकून बघितलं आणि सगळ्यांना तेच दिसलं. वर्ग अर्धा मिनिट एकदम शांत होता. मग सगळे एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लागले आणि तासाचं पुढचं काम राहिलं. राहू दे.

कार्डाच्या पाठीवर : डोळ्यांतली बाहुली, तळहातावरच्या फोडासारखं जपणं. दुसरं अर्थाला जास्त जवळ आहे, पण पहिलं काढायला माझा हात धजत नाही.

७ जुलै

काल आषाढी झाली. आज द्वादशीला सासूबाई उपास सोडत होत्या आणि मला 'अ फीस्ट फॉर द आइज'चं मराठी समोर ताटात दिसलं. डोळ्यांचं पारणं फिटणं. इंग्रजी म्हणतं डोळ्यांना मेजवानी मिळाली. मराठी म्हणतं डोळे उपाशी होते आणि आज त्यांचा उपास सुटला. सासूबाई म्हणाल्या, "मेजवानी काय, कुणीही देतं. पारणं व्हायला आधी उपास केलेला लागतो." तरुणपणी लोणंदला माउलींची पालखी बघितली तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटलं, असं त्या अजून सांगतात. मुलांसाठी कार्डावर दोन्ही घेतले, पण सुटीत घरी आलेल्या लेकाला बघून आई मराठीत काय म्हणेल, ते वाक्य उदाहरण म्हणून लिहिलं.

डोळ्यांचा मराठी गठ्ठा आवरत नाही. डोळा लागतो, डोळे लागतात, डोळे येतात, डोळे मिटतात, डोळे निवतात. नुसतं एकवचन-अनेकवचन बदललं की झोप जाते आणि तिच्या जागी वाट बघणं येतं. 'बाळाचा डोळा लागला' म्हणजे ते झोपलं. 'आईचे डोळे वाटेकडे लागले' म्हणजे तिला झोप नाही. हे तक्त्यात बसत नाही, पण वहीत हवं.

११ जुलै

दिवसभर पाऊस, वर्गात दिवे नाहीत. कानांची कार्डं खिडकीशी बसून केली.

'ऑल इअर्स' : जिवाचे कान करून ऐकणं. शरीराचे नाही, जिवाचे.

'माय इअर्स आर बर्निंग' : आपल्याबद्दल कुणीतरी कुठेतरी बोलतंय. ही समजूत फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने कानात नाद होण्यावरून ती नोंदलीय. आपल्याकडे ही बातमी कानाकडून येत नाही. उचकी लागते, आणि मग पाणी पिताना घरातले एकेक नाव घेतात. ज्याच्या नावाला थांबली त्याने आठवण काढली. उचकी चेहऱ्यावर कुठे चिकटवायची? सरांनी गळ्यापर्यंत चित्र वाढवून द्यायचं कबूल केलं.

'वेट बिहाइंड द इअर्स' : जर्मनमधून अमेरिकेत गेलेला. नुकत्या जन्मलेल्या वासराचं अंग वाळतं, कानामागची ओल शेवटी वाळते. मराठी पाठीला 'ओठ पिळले तर दूध निघेल'. एकाने कोवळेपण कानामागे पाहिलं, दुसऱ्याने ओठावर. वासरू मात्र दोन्हींत आहे असं एका मुलाचं म्हणणं : त्याच्या घरी गाय व्याली तेव्हा तिने चाटून चाटून वासरू कोरडं केलं आणि ते उठून लगेच दुधाला लागलं. मी ते तसंच कार्डावर घेतलं.

'इन वन इअर अँड आउट द अदर' आणि 'वॉल्स हॅव इअर्स' सरळ जुळतात, त्यावर वेळ घालवला नाही.

कानउघाडणी, कानाला खडा लावणं, कान टोचणं यांना इंग्रजीत कानाची जोड सापडली नाही. आपल्याकडे शिस्त लावायची वाट कानातून जाते. गुरू मंत्र देतो तोही कान फुंकून, आणि चुगलखोर विष कालवतो तोही कान फुंकूनच.

१५ जुलै

आज गाळणी. ८३ पैकी काहींच्या उगमाच्या कथा कुठे कुठे वाचल्या होत्या, त्या कार्डांवरून काढून टाकल्या. 'पे थ्रू द नोज' म्हणजे अव्वाच्या सव्वा किंमत मोजणं. त्यासाठी डॅनिश राजांनी आयर्लंडात कर चुकवणाऱ्यांची नाकं चिरल्याची कथा सांगतात. वाक्प्रचार सतराव्या शतकातला, कथा त्याच्या कित्येक शतकं आधीची, आणि दोघांना जोडणारा धागा कुणी दाखवलेला नाही. कथा रंगतदार आहे, मुलांना आवडली असती. पण एकदा मुलांच्या डोक्यात गेलेली कथा बाहेर काढता येत नाही. नियम ठरला : साल, जागा किंवा जुना लेखी वापर हातात असेल तरच उगम लिहायचा, नाहीतर नुसता अर्थ.

१८ जुलै

दात. आज वर्गाने मला शिकवलं.

'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ'. भेट मिळालेल्या घोड्याचे दात तपासू नयेत. दातांवरून घोड्याचं वय कळतं, म्हणून बाजारात गिऱ्हाईक आधी तोंड उघडून बघतं. इंग्रजीत जॉन हेवूडच्या १५४६च्या म्हणींच्या पुस्तकात हे आहे, आणि त्याच्याही हजारभर वर्षं आधी संत जेरोमने लॅटिनमध्ये ही म्हण वापरलीय. 'लाँग इन द टूथ' म्हणजे वयस्क, हेही तिथलंच : वय वाढलं की घोड्याचे दात लांब दिसू लागतात.

मराठी पाठ तयार होती : 'धर्माची गाय, आणि दात का गं नाय?' घोड्याच्या जागी गाय, बाकी व्यवहार तोच. पण मी दातांवरून वय कसं ओळखतात हे फळ्यावर नीट मांडू शकले नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांकडे शर्यतीचे बैल आहेत. तो म्हणाला, "बाई, दुधाचे दात असले तर आदत. दोन दात पडून नवे आले की दुसा, चार आले की चौसा. सगळे आले की बैल जुळला." एरवी इंग्रजीच्या तासाला तो मान वर करत नाही. मी खडू त्याच्या हातात दिला. त्याने जबडा काढला, दात मोजून दाखवले, आणि त्यानंतर 'लाँग इन द टूथ' समजावून सांगायची गरजच उरली नाही.

'बाय द स्किन ऑफ माय टीथ' : थोडक्यात बचावलो. बायबलमध्ये ईयोबाच्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात आहे. १५६०च्या जिनिव्हा बायबलपासून इंग्रजीत. दातांना कातडी नसते, म्हणजे वाचलो ते काहीच शिल्लक न राहता. मराठीत कातडीचं नाव निघत नाही आणि दाताचंही नाही. आपण म्हणतो जिवावर आलं ते शेपटावर गेलं, थोडक्यावर निभावलं. अर्थ किंचित वेगळा आहे, कारण शेपूट तरी गेलंच.

२३ जुलै

'कीप अ स्टिफ अपर लिप'. हा शंभर टक्के इंग्रज बाणा असं सगळे मानतात, मीही मानत होते. पण याचा सगळ्यात जुना छापील वापर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या वर्तमानपत्रात, १८१५ सालचा. रडू फुटायच्या आधी वरचा ओठ थरथरतो, तो थरथरू द्यायचा नाही. आपल्याकडे वरचा ओठ कशासाठी? मिशीसाठी. मिशीला पीळ देणं, मिशीवर ताव मारणं. दुःख गिळण्यासाठी आपण ओठ वापरतो तो दाताखाली दाबून. पाठीवर : ओठ दाबून सोसणं.

'टंग इन चीक'. आज याचा अर्थ वरवर गंभीर पण आतून थट्टेचं बोलणं. स्मॉलेटच्या १७४८च्या कादंबरीत नायक गालात जीभ घालतो ती तिरस्कार दाखवायला. हावभाव तोच राहिला, अर्थ सरकला. यावरून गालबोट आठवलं. गोऱ्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आई काजळाचा ठिपका लावते, तो गालबोट, म्हणजे रक्षण. आणि वर्तमानपत्रात 'मिरवणुकीला गालबोट' म्हणजे दगडफेक झाली. ठिपका तोच; आईच्या बोटाने लावलेला जपण्यासाठी, बातमीतला डाग म्हणून. इंग्रजी-मराठी सोडून हे एकच कार्ड दोन्ही बाजूंनी मराठी केलंय.

२८ जुलै

डोकं आणि कपाळ, भराभर.

'हेड ओव्हर हील्स' मुळात 'हील्स ओव्हर हेड' होता, चौदाव्या शतकापासून. टाचा डोक्यावर, म्हणजे कोलांटी. अठराव्या शतकात शब्द उलटले आणि आता अक्षरशः बघितलं तर माणूस नुसता सरळ उभा आहे. प्रेमासाठी मराठी : आकंठ बुडणं.

'हायब्रो' : उंच कपाळ म्हणजे बुद्धी जास्त, या एकोणिसाव्या शतकातल्या कवटीशास्त्राच्या समजुतीतून. ते शास्त्र खोटं ठरलं, शब्द राहिला. आपल्या कपाळात बुद्धी नसते, नशीब असतं. बाळाच्या सहाव्या रात्री सटवाई येऊन लिहून जाते ते तिथेच. म्हणून इंग्रजी 'ब्रो' आणि मराठी कपाळ यांची कार्डं शेजारी ठेवू नयेत.

'बाय हार्ट'मध्ये चेहऱ्याचा अवयव नाही, तरी तक्त्यावर घेतलं आणि ओठांपाशी लावलं. त्यांचं पाठांतर काळजात, आपलं तोंडपाठ.

१ ऑगस्ट

साठ कार्डं झाली. आज पहिली चाचणी. वर्गाचे आठ गट, प्रत्येकाकडे इंग्रजी कार्डं आणि सुट्या मराठी पट्ट्या, जोड्या लावा.

निकाल असा. एकोणीस कार्डांत अवयव तोच आणि अर्थ तोच, तिथे कुणी चुकलं नाही. बावीस कार्डांत मराठीचा अवयव वेगळा, किंवा अवयवच नाही; मुलांना वेळ लागला, वाद झाले, पण बहुतेक जोड्या बरोबर आल्या, कारण अर्थ विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. आठ कार्डांना मराठीत बांधीव वाक्प्रचार नाही, तिथे साधं वाक्य लिहिलं. उरली लाल टिंबाची अकरा. त्यांत अवयव तोच, कृतीही तीच, आणि अर्थ वेगळा. जवळजवळ सगळ्या चुका त्या अकरांत. आणि त्याच जोड्या मुलांनी सगळ्यात आधी, सगळ्यात खात्रीने लावल्या होत्या.

'बाइट युवर टंग'समोर आठही गटांनी 'जीभ चावणं' ठेवलं. इंग्रज जीभ चावतो ती बोलायच्या आधी, शब्द अडवायला. आपण चावतो ती बोलून झाल्यावर, चूक कळली म्हणून. मी दोन मुलांना दोन्ही करून दाखवायला लावलं, एक आधी, एक नंतर, मग पटलं. 'सी आय टु आय'समोर 'डोळ्याला डोळा भिडवणं' आलं, म्हणजे एकमताच्या जागी आव्हान. 'स्प्लिट हेअर्स'साठी एका गटाने 'केसाने गळा कापणं' काढलं. बरोबर उत्तर शब्दांचा कीस पाडणं, आणि तिथे केस नसून खोबऱ्यासारखा किसलेला कीस आहे हे ऐकून त्यांना फार नवल वाटलं.

ठरवलं : ही अकरा कार्डं आता अखंड लाल. तक्त्यावर ती डोळ्यांच्या उंचीवर, बाकीची वर-खाली. पाठीवर दोन ओळी, आधी काय नव्हे, मग काय. 'डोळा ठेवणे नव्हे. लक्ष ठेवणे.' मार्चमधला तो मुलगा आता दहावीत आहे. त्याला बोलावून ते पहिलं लाल कार्ड त्याच्या हस्ताक्षरात लिहून घेतलं. अक्षर सुंदर आहे त्याचं.

८ ऑगस्ट

लॅमिनेशन झालं, कार्डं आली. एकच जागा रिकामी : हनुवटी.

इंग्रजीत हनुवटी सतत कामात. 'कीप युवर चिन अप', धीर सोडू नकोस. 'टेक इट ऑन द चिन', मुष्टियोद्ध्यासारखा ठोसा झेल. मराठीत मी पंधरा दिवस शोधलं, वाचनालयातही बसले, पण मुलांना रोज ऐकू येईल असा हनुवटीचा वाक्प्रचार मिळाला नाही. पाठीवर 'धीर धर', 'खचू नकोस' लिहून ठेवलं होतं.

काल रात्री सासूबाईंना विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत. शेजारी माझी मुलगी गणितात मार्क कमी पडले म्हणून मान खाली घालून बसली होती. सासूबाईंनी तिच्या हनुवटीखाली दोन बोटं धरली, तोंड वर केलं आणि म्हणाल्या, "बघ इकडे." मग मला म्हणाल्या, "याला शब्द कशाला लागतो?"

इंग्रजी कार्डावर माणूस आपली हनुवटी आपणच वर धरतो. आमच्या घरात ती दुसरं कुणीतरी वर करतं.

आज सरांना हे सांगितलं. कार्डाच्या पाठीवरचं 'धीर धर' तसंच ठेवलं. सरांनी तक्त्यावर हनुवटीखाली पेन्सिलीने एक म्हातारा हात काढला, दोन बोटं पुढे. रंग सोमवारी भरू.